चढावरचा वास

घाटाच्या तिसऱ्या वळणावर फुमिनोच्या नाकात तो वास शिरला. काहीतरी जळत होतं.

गाडी तिच्या बाबांची. तिच्याहून वयाने मोठी, फिकट हिरवी, लांब नाकाची, दोनच माणसांची. बाबा होते तोवर ती रविवारी घाट चढायची आणि बाकीचे दिवस छपराखाली आराम करायची. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. "ती उभी दिसली की मला वाटतं हे आता किल्ली शोधत येतील," असं म्हणून आईने गाडी विकायचं ठरवलं होतं. विकायच्या आधी घाटावरच्या गोन्दासानच्या गॅरेजात दाखवून आणावी एवढ्यासाठी फुमिनोने ती बाहेर काढली, आणि पहिल्याच चढाला हे असं.

वळणावर संत्र्यांची टपरी होती. विकायला तिथे कधीच कोणी नसतं. पिशवी उचलायची आणि डब्यात पैसे टाकायचे. टपरीसमोरच्या सपाट जागेत तिने करकचून ब्रेक लावला, खाली उतरली आणि बॉनेट उघडलं. धूर नव्हता, ठिणगी नव्हती. इंजिन शहाण्यासारखं धपापत होतं. नाक पुढे काढून तिने इथे हुंगलं, तिथे हुंगलं... काही नाही. आत्ता होता आणि आत्ता नाही.

"काही हरवलंय का?"

मागे एक छोटी पांढरी व्हॅन थांबली होती. तिच्यातून उतरलेला माणूस तिशी ओलांडलेला, राखाडी मफलर गुंडाळलेला, आणि मदत करायला आलोय की गाडी बघायला हे त्याचं त्यालाही नीट माहीत नसावं असा.

"वास," फुमिनो म्हणाली. आपण काय बोललो ते कळून तिचे कान लाल झाले. "म्हणजे... जळका वास येत होता. तुम्हाला येतोय का बघा ना."

तो वाकला. डोळे मिटून त्याने मनापासून श्वास ओढला. त्याच्या मफलरचं टोक तिच्या बाहीवर टेकलं. "नाही," तो म्हणाला. "पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. मला कसलाच वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता, तो जाताना नाक घेऊन गेला."

"मग हुंगलंत कशाला?"

"तुम्ही इतक्या आशेने विचारलंत... नाही म्हणवेना."

हसावं की चिडावं हे न कळून फुमिनो हसली. इतक्या घाबरलेल्या अवस्थेत आपल्याला हसू कसं आलं याचं तिला घरी गेल्यावर नवल वाटलं, पण ते नंतर.

त्याचं नाव हायासे. घाटापलीकडच्या शहरात तो कवळ्या बनवायचा आणि त्या या किनाऱ्यावरच्या दवाखान्यांत स्वतः पोचवायचा.

"आत्तासुद्धा गाडीत एका आजोबांचे खालचे दात आहेत," तो म्हणाला. "आजोबा नवीन वर्षाचे मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खायला थांबलेत."

"मग जा ना तुम्ही! अहो, बिचारे उपाशी असतील."

"जातो. पण एवढं सांगा, ही विकायची आहे का?" त्याचा हात गाडीच्या नाकावर होता, पण टेकवलेला नव्हता, वर बोटभर तरंगत होता. मग त्याची नजर गाडीच्या पुढच्या जाळीकडे गेली. त्याच्या व्हॅनच्या नाकावर नव्या वर्षाचं पेंढ्याचं छोटं तोरण लटकत होतं. "नाही... तोरण नाही लावलेलं, म्हणून मला वाटलं, विकायची असेल."

"बाबांचं वर्ष व्हायचंय अजून," फुमिनो म्हणाली. "यंदा घराला नाही, गाडीला नाही."

तो झटकन मागे सरला आणि त्याने खाली वाकून नमस्कार केला. तिला तेवढंच बरं वाटलं. विकायची आहे, असं सांगून तिने त्याला घरचा पत्ता दिला.

गोन्दासानने गाडी वर उचलून पाहिली, खाली घेऊन पाहिली. तेल गळत नव्हतं. वायर करपलेली नव्हती. क्लच ठणठणीत, ब्रेक मोकळे. इंजिनाच्या पोटाखाली घाटातले दगड लागू नयेत म्हणून बाबांनीच बसवलेला पत्रा तेवढा गंजून आवळला होता. "तो काढायला गेलो तर तुटेल," गोन्दासान म्हणाले. "त्याच्यावर असणार काय, धूळ. पोरी, गाडी तुझ्या बापापेक्षा ठणठणीत आहे." मग जीभ चावून ते हात पुसत आत गेले.

झालं, गाडी विकायला मोकळी झाली होती. हायासेने घेतो म्हणून सांगितलं, आईने बरं म्हटलं. अडून बसली ती फुमिनो.

"वास सापडल्याशिवाय मी देणार नाही," तिने हायासेला सांगितलं. "उद्या तुम्ही घाटात एकटे असाल, गाडी पेटेल, आणि तुम्हाला भाजायला लागेपर्यंत पत्ता लागणार नाही."

"खरं आहे. मग शोधू या. नाक तुमचं, हात माझे."

मग रोज दुपारी दात पोचवून तो यायचा. व्हॅन फुमिनोच्या घरच्या संत्र्यांच्या बागेशी लावायची, हिरव्या गाडीत तो चालवायला बसायचा, फुमिनो डावीकडे. काच खाली. जानेवारीतला समुद्रावरचा वारा कान कापायचा, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन ती हुंगत बसायची. सपाट रस्त्यावर काही नाही. गाव संपून चढ लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाशी... आला. तिचं नाक आक्रसायचं, बोटं गरम पिशवीत रुतायची. ती तोंड उघडायच्या आत हायासे टपरीसमोर गाडी घ्यायचा, ब्रेक, बॉनेट. आणि पुन्हा काही नाही.

"कसा आहे, सांगा ना," तो विचारायचा. "रबरासारखा?"

"नाही."

"तेल?"

"तेल नाही हो. गोडसर आहे... मग कडू. मी ओळखते तो. पण नाव आठवत नाही."

"शाळेतल्या मुलासारखं झालं. चेहरा आठवतो, नाव नाही."

"असा मुलगा होता खरा. खूप छान दिसायचा."

"मग नका आठवू."

तिने खिडकीबाहेर बघत ओठ दाबले. अशा वेळी तिला आनंद व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ भीती वाटायची. भीती गाडीची होतीच. आता आणखी एक होती, आणि ती आईने एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता सरळ बोलून दाखवली.

"फुमिनो, गोन्दासानला वास येत नाही. मी बसून आले, मला येत नाही."

"तू चढापर्यंत कुठे आलीस? दुकानापर्यंत गेलीस."

"मला एवढंच म्हणायचंय, की गाडी जाऊ नये असं तुला वाटत असेल, तर तसं म्हण. किंवा तो माणूस यायचा थांबू नये असं वाटत असेल, तर तेही म्हण. पण नसलेला वास काढून त्या भल्या माणसाला रोज घाट चढायला लावू नकोस."

फुमिनोला रात्रभर झोप नाही. आई चुकीचं बोलली असती तर राग आला असता. राग आला नाही, म्हणून ती जास्त घाबरली. खरंच, वास फक्त तिलाच का यावा? तो बाजूला बसला असतानाच का यावा? पहिल्या दिवशी तो नव्हता हे तिला आठवलं, पण त्या दिवशी ती बाबांच्या सीटवर पहिल्यांदा बसली होती. रडून नाक चोंदलेलं होतं. तेव्हा आला तो वास तरी खरा कशावरून?

दुसऱ्या दिवशी चढावर तिच्या नाकात तो शिरला, आधीपेक्षा जोरात. तिने चेहरा दगडासारखा ठेवला. हायासेने दोनदा तिच्याकडे पाहिलं.

"आला?"

"नाही," फुमिनो म्हणाली. "आज नाही आला. गेला वाटतं... माझ्या मनाचेच खेळ असतील. घेऊन जा तुम्ही गाडी."

त्याने वळण घेतलं, गिअर बदलला. मग म्हणाला, "रविवारी नेऊ?"

"रविवारी न्या."

इतकं सरळ विचारलं, इतकं सरळ उत्तर मिळालं. दोघांनाही वाईट वाटलं आणि दोघांनीही दाखवलं नाही. अशा वेळी माणसं भारी सभ्य होतात.

रविवारी सकाळी त्याने किल्ली घेतली. व्हॅन त्याचा मित्र आदल्या दिवशीच घेऊन गेला होता. आईने त्याला संत्र्यांची पेटी दिली. फुमिनोने दिला एक नमस्कार. "कुरोसेसान," नेहमीसारखं तिचं आडनाव घेऊन तो गाडीत बसता बसता म्हणाला, "कधी... काही आठवलं, तर कळवा. वासाचं नाव."

"कळवते."

इंजिन गुरगुरलं, हिरवं नाक बागेच्या कोपऱ्यावरून वळलं. आवाज विरेपर्यंत आई आणि ती, दोघी तिथेच उभ्या होत्या.

त्या दिवशी गावाची दोन्दोयाकी होती. नव्या वर्षाची सगळ्यांच्या घरची तोरणं, पाइनच्या फांद्या, जुने ताईत समुद्रकाठी रचून पेटवायचे आणि त्या विस्तवावर तांदळाचे गोळे भाजून खायचे, म्हणजे वर्षभर सर्दी-पडसं नाही. गोळे दरवर्षी फुमिनोची आईच करायची. सुतक असो नसो, गल्लीतल्या मुलांची तोंडं थांबत नाहीत. टोपली घेऊन दोघी वाळूवर पोचल्या तेव्हा नुकताच जाळ धरला होता.

"आपल्याकडे जाळायला काही नाही," फुमिनो म्हणाली.

"गेल्या वर्षी तरी कुठे होतं?" आई जाळाकडे बघत म्हणाली. "घराचं होतं. गाडीचं नव्हतं. तुला सांगितलं नव्हतं मी... ह्यांनी गाडीला केवढं मोठं तोरण बांधलं होतं. मी म्हटलं, इतकं मोठं कोण लावतं हल्ली. कडू नारिंगासकट. आणि सातव्या दिवशी सोडायला गेले तर जाळीवर नाही. कुठेतरी पडलं. घाटाने चालत जाऊन शोधून आले, नाही मिळालं. इथे रिकाम्या हाताने उभे होते. तोंडाने काही बोलले नाहीत, पण मनाला लावून घेतलं. आणि मग महिन्याच्या आतच..."

वारा फिरला. धुराचा लोट सरळ दोघींच्या अंगावर आला. आईने डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला. फुमिनो मात्र हलली नाही.

गोडसर. मग कडू.

पेंढा जळत होता. पेंढ्यात अडकवलेली नारिंगं सालीसकट करपत होती. हाच तो. अगदी हाच. तोरण रस्त्यात पडलंच नव्हतं. ते जाळीखालच्या फटीतून आत सटकलं होतं, बाबांनी बसवलेल्या त्या पत्र्यावर. वर्षभर छपराखाली पडून वाळलं होतं. गाडी चढाला लागली की मागे घसरत जाऊन तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपला टेकत होतं, आणि ब्रेक मारला की पुन्हा पुढे. म्हणून फक्त चढावर. म्हणून टपरीपाशी कधीच नाही.

म्हणजे वास खरा होता. आणि तिने तो नाही म्हणून सांगितला होता.

"आई, तो घाटात असेल," ती म्हणाली. "वाळलेला पेंढा आहे तो. हायासेला वास येणार नाही, आई."

फोन लावला, लागेना. घाटात कधी लागतो? आईने खिशातून बागेच्या छोट्या ट्रकची किल्ली काढून तिच्या हातात कोंबली.

तो ट्रक संत्र्यांच्या पेट्या वाहण्यासाठी होता, पळण्यासाठी नव्हता. फुमिनोने तो पळवला. पहिलं वळण. दुसरं. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. काळा पडलेला हिरवा पत्रा, राखाडी मफलर. लाज वाटली म्हणून आपण खोटं बोललो. कसली लाज, कुणाची लाज? तो माणूस आवडतो हे कबूल करायला नको म्हणून त्याला विस्तवावर बसवून दिलं. देवा, बाबा, कोणी असाल ते... तो चालत असू दे, उभा असू दे, फक्त असू दे.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, ऐन चढावर, हिरवी गाडी उभी होती. नाक वर, मागच्या चाकांना दगड लावलेले. आणि हायासे तिला टेकून संत्रं सोलत होता.

चाकांच्या मधून धुराची बारीक रेघ निघत होती.

"लांब व्हा," फुमिनो ओरडली. "गाडीपासून लांब व्हा आधी."

तो संत्र्यासकट बाजूला झाला. ट्रकमधली फळं तोडायची लांब दांड्याची कात्री घेऊन ती रस्त्यावर आडवी झाली. पत्र्याच्या मागच्या फटीत लाल ठिपके चमकत होते. तिने कात्री आत घातली, पकडलं, ओढलं. अडकलं. पुन्हा ओढलं. आणि काळं, धुमसणारं एक कडं डांबरावर येऊन पडलं. हायासेने बाटलीतला चहा त्यावर ओतला. चर्र झालं आणि वास एकदाचा उघड्यावर आला.

पेंढ्याचा पीळ अर्धा जळला होता. मधलं नारिंग आक्रसून अक्रोडाएवढं झालं होतं. लाल-पांढऱ्या कागदाची एक पट्टी मात्र शाबूत होती, आणि तिला बाबांची ती गाठ. बुटाच्या नाडीलाही ते तशीच मारायचे, दोनदा फिरवून.

फुमिनो रस्त्यावरच बसली आणि रडली. हायासे शेजारी बसला. त्याने मफलर काढून तिच्या हातात दिला, नाक पुसायला.

"तुम्ही का थांबलात?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "तुम्हाला तर काही कळलं नसणार."

"नाही कळलं."

"मग?"

तो हातातलं सोललेलं संत्रं बघत राहिला. "मी रोज इथे गाडी थांबवायचो ती काय वासावरून? तुम्ही बोलायच्या आधीच थांबवायचो. तुमचं नाक आक्रसलं, की... मी रस्त्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघायचो, कुरोसेसान. चूक आहे, घाट आहे, माहीत आहे मला. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, पण नाक आक्रसलं होतं. मला वाटलं, मी येऊ नये असं तुम्हाला वाटतंय, म्हणून ही गाडी देऊन टाकताय. म्हणून मीही बरं म्हटलं. आज इथे आलो, सवयीने डावीकडे पाहिलं, तर सीटवर संत्र्यांची पेटी." तो थांबला. "पुढे जायचं धाडसच होईना. जळत असेल की नसेल, मला कोण सांगणार?"

फुमिनोने मफलर खाली घेतला. "खोटं बोलले मी त्या दिवशी. वास येत होता. आई म्हणाली, तो माणूस यायचा थांबू नये म्हणून तू वास काढतेस. आणि मला वाटलं... खरंच तसं असेल."

"आणि आता?"

"वास तर खरा निघाला."

"आणि दुसरं?"

"तेही खरंच आहे," ती म्हणाली.

त्याने संत्र्याचे दोन भाग केले आणि मोठा तिला दिला. "फुमिनोसान म्हटलं तर चालेल?"

"उशीरच केलात."

ट्रक टपरीपाशी ठेवून दोघं हिरव्या गाडीतून खाली आले. तोरण फुमिनोच्या मांडीवर, पेटीत. काच खाली होती आणि तरीही ती पूर्ण रस्ताभर हुंगत राहिली; भीती अशी एका दिवसात उतरत नाही. तो दर वळणावर डावीकडे बघत राहिला, आणि तिने दर वेळी त्याला समोर बघायला सांगितलं.

जाळ अजून पुरता बसला नव्हता. आईने पेटीत पाहिलं. कागदाच्या गाठीवर तिचं बोट क्षणभर थांबलं. "एवढं मोठं कोण लावतं," ती हळूच म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ते तोरण विस्तवावर ठेवलं. ओला पेंढा आधी कुरकुरला, मग त्याने पेट घेतला. तिघांनी हात जोडले.

"आता सांगा," हायासे फुमिनोच्या कानाशी म्हणाला. "कसा आहे वास?"

"पेंढा," ती म्हणाली. "भाताचा, जुना. कडू नारिंग. त्याच्याखाली थोडं इंजिनाचं तेल... म्हणजे बाबा." ती त्याच्याकडे वळली. "आणि तुमच्या कोटाला धूर लागलाय."

"वाईट येतोय?"

"नाही. रोज आला तरी चालेल."

त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. ती त्याने तिच्या कोटाच्या खिशात सोडली आणि हात मात्र काढला नाही. तिनेही आपला हात आत घातला.

आईने हे पाहून न पाहिल्यासारखं केलं. फांदीला टोचलेला एक गरम गोळा तिने हायासेपुढे धरला आणि थंड व्हायच्या आत खा म्हणून सांगितलं.